कावळ्यांच्या सभेतलं नॅट

टिण्!

सगळे श्वास रोखून बसले होते. त्या शांततेत आईच्या पितळी परातीत काहीतरी पडलं.

"चाक! नॅटचं पुढचं चाक!" रतन किंचाळली. तिच्या हातातला काटे काढायचा चिमटा रिकामा होता.

"माझ्या तांदळात तुमचं विमान!" तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली. "उद्या कुणाच्या दाताखाली आलं, तर मला बोलायचं नाही हां!"

रतन आणि शेजारचा भिकू परातीवर तुटून पडले. रतनच्या सहा वर्षांच्या धाकट्या भावाने, सदाने, तर नाकच तांदळात खुपसलं.

"सापडलं!... नाही, खडा आहे."

शेवटी चाक सापडलं, ते सदाच्याच कोपराला चिकटलेलं! गोंद लावलेलं होतं ना ते!

दिवाळीच्या सुट्टीत हिरामणमामाने लंडनहून हा खोका आणला होता. मामा मालवाहू जहाजावर खलाशी. खोक्यात प्लॅस्टिकचे बोटाएवढे तुकडे होते. ते जोडले की होणार लढाऊ जेट, नॅट! गेल्या वर्षीच्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईपासून रेवदंड्याच्या प्रत्येक पोराला हे नाव पाठ होतं.

"आमच्या जहाजाचा चीफ म्हणाला, तुमच्या कोळीवाड्यातल्या पोरांना हे जमायचं नाही," मामा सकाळी म्हणाला होता. "मी पैज मारली. उद्या दुपारच्या एसटीने निघायचंय. विमान न नेता गेलो, तर पुढच्या सफरीत रोज त्याचे बूट पुसायचे!"

"आणि नेलंस तर?"

"तर तो माझे पुसणार!"

संध्याकाळपर्यंत विमान जुळलं. चंदेरी रंग खुलायचा तर खाली आधी काळ्या रंगाचा हात हवा, असं मामाने सांगितलं होतं. भिकूने करवंटीतून होडीचा काळा रंग आणला. काळं रंगवून झाल्यावर रतनने शेपटीला दोरा बांधला आणि विमान नाक खाली करून पडवीच्या वाशाला वाळत टांगलं. चंदेरी रंग सकाळी द्यायचा होता.

सकाळी वाशाला नुसता दोरा लोंबत होता!

"मांजर!" भिकू म्हणाला.

"मांजर कोयतीने दोरा कापतं का रे, शहाण्या? बघ, कसा सरळ कापलाय! आणि त्याला मासळीचा खवला चिकटलाय!"

"मग चोर अख्खा कोळीवाडा!"

रतनला हसू आलं नाही. मामा गावात निरोप घ्यायला गेला होता. तो परत आल्यावर काय सांगायचं? बूट पुसणारा मामा तिच्या डोळ्यांपुढे दिसायला लागला.

"ताई, कावळ्यांची सभा भरलीय," सदा पडवीतून ओरडला.

खरंच! जनीकाकीच्या, म्हणजे भिकूच्या आईच्या, मासळी वाळवायच्या खळ्याशेजारच्या माडावर कावळ्यांनी नुसता कलकलाट मांडला होता. पण खाली दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांना एकही शिवत नव्हता. काल तर हातातले बोंबील पळवत होते!

"त्यात काय?" भिकू म्हणाला. "मासळीवर मेलेला कावळा उलटा टांगला की असंच होतं. आईनं टांगला असेल. फक्त काल दिवसभर शोधून तिला मिळाला नव्हता. मग आज..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि धूम ठोकली!

खळ्याच्या मधोमध उंच काठीला, नाक खाली, पंख पसरलेले... नॅट!

"काकी! आमचं विमान!"

"कसला इमान? कावला हाय त्यो!" जनीकाकी बोंबील पसरता पसरता म्हणाली. "पाटेच्या अंदारात बगितला, तुमच्या पडवीत टांगला व्हता. मना वाटला, हिरामणभावानी माज्यासाटीच आनून ठेवला."

"काकी, त्याला चोच कुठंय?"

"मेल्यावर कोन चोच बगतंय!"

"आणि पाय?"

"पाय..." काकीने मान वर केली, डोळे बारीक केले. "अगो बाय! याला तं चाका हायेत!"

ती हसत हसत मटकन खालीच बसली. पण उठली ती कमरेवर हात ठेवून.

"कावल्यांना कललं न्हाय ना? मंग हलवाचा न्हाय! सांजपर्यंत ऱ्हाव दे."

"काकी, मामा दुपारी जाणार!"

"मना दुसरा कावला आनून दे, आनि तुजा इमान घेऊन जा."

रतन क्षणभर थांबली. मग तिचे डोळे चमकले. "भिकू, घरी चल! सदा, तू इथंच पहारा दे!"

थोड्याच वेळात दोघं परतले. हातात आईची जुनी, फाटकी काळी छत्री! अर्धी मिटून तिच्या पोटात नारळाची सोडणं कोंबली होती आणि दांडीला दोरा बांधला होता. काकीने तोंडाला पदर लावला. नॅट खाली आलं, छत्री वर गेली. माड एकदम गप्प झाला. एक आगाऊ कावळा तिरकी मान करत उतरला, बोंबलावर बसला, चोच उघडली...

आणि वाऱ्याने छत्री फट्दिशी उघडली!

कावळा असा पळाला, की माडावरचे सगळे त्याच्या मागोमाग बोंबलत समुद्रावर गेले.

"इमानापरीस ह्योच बेस!" काकी टाळ्या पिटत म्हणाली. "गुनाची पोरां गो माजी!"

मग खळ्यातच रंगकाम सुरू झालं. अंगावर चंदेरी, पंखांवर शेंदूर, चुना आणि होडीचा हिरवा रंग घेऊन तिरंगी चकत्या. ऊन कडक होतं. रंग भराभर वाळला, पण बोंबलांचा वास?

एसटीच्या थांब्यावर मामाने नॅट नाकाशी धरलं. "रंग झकास! पण लंडनच्या खोक्यात हा वास नव्हता!"

"चीफला सांग, हाच पुरावा!" रतन म्हणाली. "रेवदंड्यालाच बनलंय!"

"शाबास गो!" मामाने तिची वेणी ओढली. "बूट आत्तापासून मळवत जातो!"

एसटी सुटली. खिडकीत दोऱ्याला धरलेलं चंदेरी नॅट वळणापर्यंत उडत गेलं.

घरी आई पुन्हा परात घेऊन बसली होती. "माझी छत्री कुठाय गं, रतन?"

"काकीचे बोंबील राखतेय! आणि हे बघ, तुझ्यासाठी दिलेत काकीने!"

सगळी हकीकत ऐकून आईने हसू दाबलं. "तुम्ही दोघांनी मिळून चांगलं डोकं चालवलंत हो. आता तेच डोकं छत्री शिवायला लावा."

"तिघांनी! पहारा मी दिला," सदा म्हणाला आणि आईच्या मांडीला टेकला. तोही परातीतले खडे वेचू लागला. मग म्हणाला, "आई, नॅटला घाबरून कावळे माडावर गेले ना?"

"हो रे, राजा."

"मग लढाईत खरं नॅट येतं, तेव्हा तिथली मुलं कुठं जातात?"

आईने परात बाजूला सारली आणि त्याला जवळ ओढलं.