उखळीच्या तळाशी

दोघांच्या मध्ये उखळी होती, आणि उखळीत फुटलेले पामतेल. वर लाल तवंग, खाली गढूळ पाणी. ओलाएदो नुसती त्या तवंगाकडे बघत होती. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते, असे उगोन्नाला वाटले.

चूक त्याचीच होती. हरमटन वाऱ्याच्या कोरड्या गारठ्यात तेल गोठते. ते सैल राहावे म्हणून, ती पाणी आणायला गेलेली पाहून त्याने मोठ्या मायेने उखळी चुलीच्या कडेला सरकवली होती. खाराचे पाणी घालून एकदा घोटलेल्या तेलाला आच दाखवायची नसते, हे न्सुक्का गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"मास्तर," ती अखेर म्हणाली, "शाळेत काय शिकवता हो तुम्ही?"

"रसायनशास्त्र."

"अरे देवा… पोरांच्या आयांना कळू देऊ नका."

आणि ती हसली. तीन आठवड्यांपूर्वी बाजारातही ती अशीच हसली होती. शेवटच्या बोकडाच्या मुंडक्यावर दोघांचे हात एकदमच पडले होते, एकेका शिंगावर. "शिंग सोडा," ती म्हणाली होती. शिंग त्याने सोडले. तिचा नाद मात्र सुटला नाही.

सोमवारी त्याला दूर उत्तरेला, सोकोतोला निघायचे होते, वर्षभरासाठी. त्याआधी आपल्या घरची वडीलधारी माणसे ताडी घेऊन मागणी घालायला तिच्या दारी यावीत का, हे त्याने गुरुवारीच विचारले होते. "आधी पप्पांच्या पानात बोकडाच्या मुंडक्याचं इसी-एवू पडू दे," ती म्हणाली होती. "आई गेल्यापासून त्यांनी मुंडक्याला तोंड लावलेलं नाही. मग सांगते."

आणि आज त्याने स्वतःच्याच हाताने तो 'मग' जाळून टाकला होता.

तिने उखळी पुसली, बाटलीतले उरलेसुरले तेल ओतले आणि मुसळ त्याच्या हाती दिले. "बस आणि घोट. हात थांबला तर सरळ घरी जायचं."

"आणि हात मोडला तर?"

"तरीही घरीच."

ती खाराचे पाणी थेंबाथेंबाने सोडत राहिली… जणू प्रत्येक थेंबाला त्याची वेळ विचारून. मग तिने एहुरूच्या बिया तव्यावर भाजल्या, मिरचीबरोबर रगडल्या. त्या उग्र, गोड वासाने अंगण भरून गेले. उताझीची कडू पाने तिने इतकी बारीक चिरली की सुरी चालते आहे की श्वास, हे त्याला कळेना. मिरचीने डोळ्यांत पाणी आले तेव्हा तिने ते खांद्याला टिपले. सुरी थांबली नाही. कुणाच्या हातांकडे इतका वेळ पाहत राहता येते, हे त्याला ठाऊक नव्हते.

"इकडे काय बघतोस? तेल बघ!"

त्याने पाहिले. लाल रंग केशरी झाला होता, आणि आता… हळदीसारखा पिवळा, दाट, लोण्यासारखा.

"जमलं?"

"जमलं," ती हळूच म्हणाली.

"मग शेवटी उखळी चाटायला मला?"

"हात लावून बघ! ती आईची असायची. आता माझी. पप्पांनाही देत नाही मी."

वाफाळते मांस त्या पिवळ्या मेणात तिने घोळवले, वर कांद्याची चकती, वर पानांच्या हिरव्या रेषा. लाकडी वाडगा भरला. आत पप्पा खाकरले. वास पोचला होता.

ती उठली. आता विचारले नाही तर राहूनच जाईल, हे त्याला कळले.

"ओलाएदो… रविवारी आणू घरच्यांना?"

तिने त्याच्याकडे पाहिले. मग एका हाताने वाडगा सावरला, दुसऱ्या हाताने ती उखळी, कडांना अजून पिवळी माखलेली, उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, आणि आत निघून गेली.