दोन उलटी घमेली

“पाय उचला. अहो, तुम्हालाच सांगतेय… पाय उचला.”

खाणीतल्या उघड्या दगडावर तो टेप घेऊन उभा होता, आणि त्याच्या बुटाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनासोरचं एक उमटलेलं पाऊल होतं. पंपाच्या गळतीने ओली झालेली माती तुडवत मी तरातरा गेले. तो बगळ्यासारखा एका पायावर.

“दुसरा कुठे ठेवू, तेवढं सांगा,” तो नम्रपणे म्हणाला.

तो खाणीचा मोजणीदार. मी संग्रहालयातून तीन आठवड्यांसाठी आलेली, ठशांवरून प्राणी ओळखणारी. मी चालते भरभर. आई मला वावटळ म्हणते. “तुझ्याबरोबर चालणार कोण गं? बिचाऱ्याला धाप लागायची.”

दुसऱ्या दिवशी त्या ओल्या मातीत दोन घमेली उलटी घातलेली दिसली.

“हे काय?”

“राहू द्या. कामाचं आहे.”

दगडावर जाण्याआधी मी चपला काढून हात जोडते. दोन दिवसांनी, काही न विचारता, तोही बूट काढू लागला.

“तीन बोटं, टोकं बोथट,” मी दाखवलं. “अणकुचीदार नखं असती तर मांस खाणारा. हा पाला खाणारा. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट कंबरेची उंची.”

“बुटांवरून माझी काढू नका. ते मोठ्या भावाचे आहेत.”

मोठ्या पावलांच्या रांगेशेजारी लहान पावलांची रांग होती.

“म्हणजे जोडीनं चाललेत,” तो म्हणाला.

“नुसतं शेजारी असून भागत नाही. एक आज गेला असेल, दुसरा महिन्याने. चिखल सारखाच ओला होता का, ते कडांवरून बघायचं. आणि… एकाने दुसऱ्यासाठी चाल बदलली का, तेही.”

कडा जुळल्या. चालीचं मात्र कळेना. रांगांची सुरुवात मातीखाली होती.

रोज चार वाजता आम्ही त्या ओल्या वाटेने शेडमध्ये चहाला जायचो. तो सावकाश, जणू प्रत्येक खड्ड्याची विचारपूस करत. खाणीतल्या सगळ्यांबद्दल बोलायचा. मनातली एक गोष्ट सोडून. तीच गोष्ट मीही गिळून होते, आणि उद्या माझी गाडी होती.

शेवटच्या दुपारी माती निघाली. लहान पावलं डावीकडून येऊन मिळेपर्यंत मोठ्याच्या दोन पावलांमधलं अंतर दीड मीटर. तिथून पुढे जेमतेम एक.

“थांबला नाही, सोडूनही गेला नाही,” मी हळूच म्हटलं. “फक्त पाऊल आखूड केलं.”

तो उठला. घमेल्यांपाशी गेला आणि दोन्ही उचलली. खाली माझ्या चपलांचे ठसे, जसेच्या तसे.

“पहिल्या दिवशी मला ओरडायला आलात ते. शहाऐंशी सेंटिमीटर.” मग त्याने बाजूच्या ओल्या ठशांवर टेप धरला. “हे काल चहाला जातानाचे. तुमचं एकसष्ट. माझं साठ… पहिल्यापासून साठच.”

कानशिलं तापली. माझ्याच विद्येने मला पकडलं होतं.

“जाऊ नका म्हणत नाही,” तो टेप गुंडाळत म्हणाला. “जाल तिथे मला शेजारी येऊ द्या. मी थोडं लांब पाऊल टाकायला शिकेन.”

“पुरावा अपुरा आहे,” मी कशीबशी म्हणाले. “आणखी पावलं मोजावी लागतील.”

“किती?”

“मोजत राहा… मी सांगेपर्यंत.”

शेड तिथून तीन मिनिटांवर. आम्ही पोचलो तेव्हा चहा पार निवला होता.