सांता बार्बराचं छत

“माझा भाऊ छत कोसळून मेला हे तुम्हाला पटलं असेल, तर खाली उतरूच नका. याच ट्रकने परत जा!”

आसुंताच्या हातांना कणीक तशीच चिकटलेली होती. मिस हेस्टर ट्रेलॉर शांतपणे ट्रकमधून उतरल्या आणि टोपी सारखी करत म्हणाल्या, “पटलं असतं, तर तुझं पत्र वाचून तपास करायला ॲडलेडहून इथवर धूळ खात आले नसते.”

ट्रक लिव्हिओचा. ॲलिस स्प्रिंग्जच्या स्टेशनपासून या अभ्रकाच्या डोंगरापर्यंत बाईंना त्यानेच आणलं होतं आणि वाटभर एकच गोष्ट ऐकवली होती. आसुंताचा भाऊ एत्तोरे अपघातानेच गेला. सिस्तोकाकाने छत कोसळताना स्वतः ऐकलं होतं. सिस्तोकाका खोटं बोलला, तर या वाळवंटात खरं बोलणारं उरलं कोण?

सिस्तो लिव्हिओचा सख्खा काका. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात इटालियन म्हणजे शत्रूदेशाचा माणूस म्हणून लिव्हिओच्या बापाला छावणीत डांबलं, तिथेच तो न्यूमोनियाने गेला. तेव्हापासून पोराला काकानेच वाढवलं होतं.

“त्या रविवारी काय झालं?” बाईंनी विचारलं.

“मी आणि लिव्हिओ ॲलिसला चर्चमध्ये गेलो होतो,” आसुंता म्हणाली. “एत्तोरे म्हणाला, मी येत नाही, मला एकाशी बोलायचंय. चेहरा असा, जणू घरात मयत झालीय. परत आलो, तर त्याचीच मयत! अहो, पहारीने छत ठोकून पाहिल्याशिवाय आत पाऊल न टाकणारा माणूस तो!”

एत्तोरेच्या सांता बार्बरा खाणीचा बोगदा आखूडच होता. कंदील आत नेताच पांढऱ्याशुभ्र भिंतींत अभ्रकाचे पापुद्रे लखलखले. एत्तोरेच्या अंगावरून काढलेले दगड कडेला रचून ठेवले होते.

मिस ट्रेलॉर तांब्याच्या खाणीतल्या कामगाराची लेक. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक दगड फिरवून पाहू लागल्या.

“लिव्हिओ, काय दिसतं?”

“दगड.”

“ते मलाही कळतं रे. कसले?”

“पांढरे. पुष्कळांची एक बाजू तपकिरी आहे. चकचकीत, तेल लावलेल्या तव्यासारखी.”

“आणि भिंती? छत?”

“पांढरं. सगळं पांढरंच.”

बाईंनी पहार उचलून छतावर ठिकठिकाणी हाणली. दरवेळी पक्क्या खडकाचा, घंटेसारखा खणखणीत आवाज आला.  बाहेर उतारावर उन्हात पसरलेल्या तपकिरी दगडांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

बोगद्याच्या तोंडासमोर एत्तोरेचा भागीदार दुइलिओ याची पत्र्याची झोपडी होती.

“सगळे माझ्याचकडे बोट दाखवतात,” तो चिडून म्हणाला. “भांडायचो आम्ही. कोण भागीदार भांडत नाही? त्या दिवशी तापाने पडलो होतो, पण जागा होतो. सिस्तोने आरडाओरडा केला तेव्हा उठून धावलो. त्याआधी काही ऐकलं नाही.”

“काका पार ओढ्यावरून ऐकतो आणि तुला दारात ऐकू येत नाही?” लिव्हिओ उसळला. “कानात बोळे घातले होतेस काय?”

दुइलिओने मान खाली घातली. लिव्हिओच्या मनात त्याच्याबद्दल संशय असलाच, तर तो तिथेच पक्का झाला.

टेकडीपलीकडे हॅडोचं दुकान होतं. युद्धाच्या काळात हॅडो पोलिसात होता. त्याने लाल खड्यांची बरणी पुढे सरकवली.

“सत्तरेक वर्षांपूर्वी इथल्या ओढ्यांत हे सापडले, तेव्हा लोक माणकं समजून धावत आले. मग लंडनहून उत्तर आलं, गार्नेट आहेत, कवडीमोलाचे लाल खडे. बसले सगळे हात चोळत. या मुलखात दिसतं तसं काही नसतं, बाईसाहेब.”

“एत्तोरे तुमच्याकडे आला होता?”

“आदल्याच दिवशी. प्यायलो दोघं. तो युद्धातल्या गोष्टी विचारत होता आणि मी नको तेवढं बोललो.”

“काय बोललात?”

हॅडोने लिव्हिओकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली. “जुनं मढं आहे. उकरू नका.”

सिस्तो ओढ्याकाठी जपमाळ घेऊन बसला होता. बाईंना पाहून तो अदबीने उठला.

“मी इथे कपडे धूत होतो. आधी कडाड् असा आवाज, मग सगळा डोंगर गडगडला. बोगद्यातून धुळीचा पांढरा लोट बाहेर आला. अजून कानात आहे हो तो आवाज.”

“लोट पाहिलात तुम्ही?”

“या डोळ्यांनी.”

मिस ट्रेलॉरनी त्याचे आभार मानले. “सगळ्यांना जेवणाच्या झोपडीत बोलव,” त्या लिव्हिओला म्हणाल्या. त्यांचा आवाज एकाएकी थकल्यासारखा वाटला.

टेबलावर त्यांनी दोन दगड ठेवले.

“हा मी आत्ता बोगद्यातून फोडून आणला. चहूबाजूंनी पांढरा. आणि हा एत्तोरेच्या अंगावरचा. ही तपकिरी लकाकी पाहा. दगड हजारो वर्षं ऊनवारा खातो, तेव्हा कुठे ती चढते. डोंगराच्या पोटात ऊन पोचतं का?”

त्यांनी तपकिरी दगड सगळ्यांपुढे सरकवला.

“म्हणजे हे दगड छतातून पडलेच नाहीत. उतारावरून उचलून आत आणले आणि मेलेल्या माणसावर रचले. छत जिथल्या तिथे आहे, मी ठोकून पाहिलंय.”

“दुइलिओ!” लिव्हिओ ओरडला.

“थांब. छत कोसळलंच नाही, तर आवाज कसा होईल? धुळीचा लोट कुठून उठेल? दुइलिओने काही ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तो खरं बोलला.” बाईंनी पांढऱ्या दगडावर बोट टेकवलं. “जे झालंच नाही, ते एकाच माणसाने ऐकलं. पाहिलंसुद्धा.”

लिव्हिओला आधी कळलंच नाही. मग सगळ्यांच्या माना काकाकडे वळलेल्या त्याने पाहिल्या.

“काका, सांग ना यांना. सांग, काहीतरी चुकतंय.”

सिस्तोच्या हातातली माळ थांबली होती.

“मिस्टर हॅडो,” बाई म्हणाल्या, “आता तरी ते मढं उकरा.”

हॅडोने घसा खाकरला. “लिव्हिओच्या बापाला आम्ही उगाच नाही नेलं. तो मुसोलिनीचा हेर आहे, असं एकाने येऊन सांगितलं. सख्ख्या भावाने. दोघा भावांची खाण एकट्याच्या ताब्यात यावी म्हणून.”

आसुंताच्या तोंडून किंकाळी फुटली. लिव्हिओ उभाच राहिला. कुणीतरी दुसऱ्याबद्दल बोलतंय, असंच त्याला वाटत होतं.

“एत्तोरे म्हणाला, पोराला तू सांग, नाहीतर मी सांगतो,” सिस्तो पुटपुटला. “मी पाया पडलो त्याच्या. तो वळला आणि माझ्या हातात पहार होती.” त्याने वर पाहिलं. “पोरा, तू मला सोडून गेला असतास रे.”

ॲलिसपर्यंत त्याला न्यायचं, तर लिव्हिओच्या ट्रकखेरीज दुसरी गाडी नव्हती.

“हॅडो चालवेल,” मिस ट्रेलॉर हळूच म्हणाल्या. “तू थांब.”

“नको. मीच नेतो.”

हॅडो मागे अभ्रकाच्या पेट्यांवर चढला. बाई दारापाशी बसल्या आणि काका मधे. लिव्हिओने चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गिअर पडेना. 

“बाबांना ठाऊक होतं?” त्याने समोर बघत विचारलं.

“छावणीत शेवटचा भेटलो, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, पोराला सांभाळ,” सिस्तो म्हणाला. “बराच वेळ माझ्याकडे बघत होता. ठाऊक होतं की नव्हतं, तेच मला आजवर कळलेलं नाही.”

लिव्हिओने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो तसाच बसून राहिला. त्याला निघायला सांगण्याचा धीर कुणालाच झाला नाही.