न झिजणारे पाते

पाते नवेकोरे दिसत होते आणि तरीही ते दगड कापत नव्हते.

चंद्रावरच्या वस्तीतल्या कार्यशाळेत एका उपड्या पिंपावर बसून शाल्मली हे पाहत होती. यंत्राचे गोल, पातळ पाते पाण्याच्या धारेखाली गरगर फिरत होते. दगडाला टेकले की ते किंचाळायचे, पण आत शिरायचे नाही.

"परत तेच!" हणमंतकाका म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केले. वस्तीचे सगळे दगडकाम ते बघत. त्यांचे डोळे लाल झाले होते.

डोळे तर सगळ्यांचेच लाल होते. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ पंधरवड्याएवढा लांब असतो. घड्याळ सांगेल तेव्हा पडदे ओढून झोपायचे. पण बाहेर ऊन आहे हे ठाऊक असले की शरीराला ती रात्र काही पटत नाही. असा दिवस संपत आला की माणसे पाय ओढत चालू लागतात. हा दिवस संपत आला होता. बाहेर सावल्या लांबच लांब पडल्या होत्या.

शाल्मलीला मात्र सूर्य मावळायला नको होता. तिची आई पलीकडच्या घुमटात रोपे वाढवायचे काम करायची. चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते. ती पोशाखाला चिकटून घरात येते आणि श्वासातून छातीत जाते. त्या धुळीने आईला खोकला जडला होता. "मधली वाट दगडाने झाकून होईपर्यंत इकडून तिकडे एकही फेरी मारायची नाही," असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. म्हणून आई तिकडे अडकली होती आणि शाल्मली इकडे आजोबांजवळ. वाट बहुतेक झाली होती, शेवटचा तुकडा तेवढा बाकी होता. पण सूर्य मावळला की कडाक्याच्या थंडीत बाहेरचे काम बंद. म्हणजे आणखी एक पंधरवडा आई फक्त पडद्यावर दिसणार.

त्यात शाल्मलीचा पुढचा दात हलत होता. तो आईसमोरच पडायला हवा, असे तिने ठरवले होते. म्हणून ती कित्येक दिवस नुसता दहीभात खात होती आणि दात जिभेने दाबून धरत होती.

वाटेवर बसवायच्या दगडी लाद्या थोड्याच उरल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक जाड लादी मधून चिरून तिच्या दोन पातळ लाद्या करायच्या होत्या. चंद्रावर माणसाचे वजन पृथ्वीच्या एक षष्ठांशच भरते, तेव्हा पातळ लादीही त्याला पुरते. अडत होते ते पात्यापाशी.

"पाते उत्तम आहे, साहेब," कोपऱ्यातून आवाज आला. हा चिंगूशेट, हत्यारांचा सांभाळ करणारा यंत्रमानव. त्याचे खरे नाव कोणाच्या लक्षात नव्हते. चंद्रावर साधा खिळासुद्धा पृथ्वीवरून यानाने आणावा लागतो. म्हणून 'काही झिजू द्यायचे नाही' हेच त्याला पहिल्यापासून शिकवलेले होते. "भाजलेल्या धुळीच्या इतक्या विटा या पात्याने कापल्या, तरी झीज जवळजवळ नाही. मी स्वतः निवडले आहे."

"अरे, मग कापत का नाही?"

"जोर कमी पडत असेल, साहेब."

एरवी हणमंतकाकांनी हे ऐकले नसते. पण दमलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा जोर लावणे सोपे वाटते. त्यांनी यंत्र सुरू केले आणि लादी पात्यावर रेटली. पातळ पाते थरथरले, वाकडे गेले आणि खाड्कन लादीचे दोन तुकडे झाले.

हणमंतकाका तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

शाल्मली पळत आजोबांकडे गेली. पदार्थ कशाने टिकतात आणि कशाने तुटतात, हे अभ्यासण्यात तिच्या आजोबांचा जन्म गेला होता. ते खुर्चीत चष्म्यासकट झोपले होते.

"आजोबा, उठा ना! पातं अजिबात झिजलं नाहीये, तरी कापत नाहीये!"

आजोबांनी एक डोळा उघडला. "झिजलं नाही म्हणूनच कापत नसेल," असे म्हणून ते चपला शोधू लागले.

कार्यशाळेत आल्यावर त्यांनी आधी यंत्राची वीज तोडली. मग शाल्मलीला म्हणाले, "आता पात्याच्या कडेवरून बोट फिरव. कसं लागतंय?"

"गुळगुळीत. काचेसारखं."

"आणि कापणारी वस्तू कशी लागायला हवी?"

"खरखरीत," शाल्मली म्हणाली आणि विचारात पडली. "पण यात तर हिरे आहेत ना?"

"आहेत. रव्याएवढे बारीक." आजोबांनी खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढला. "ही बघ पात्याची कड. दाणे म्हणजे हिऱ्यांचे कण. गूळ म्हणजे बंधक (कणांना धरून ठेवणारा धातू). दगड कापतात ते दाणे, गूळ नाही. दगडावर घासून घासून दाण्याचं टोक बोथट झालं, तर काय व्हायला हवं?"

"तो दाणा पडून जायला हवा. म्हणजे खालचा नवा वर येईल."

"पण गुळानं त्याला सोडलंच नाही तर?"

शाल्मलीने पात्याकडे पाहिले. "तर बोथट दाणा तिथेच बसून राहील. आणि सगळं गुळगुळीत होईल!"

"झालं ते हेच."

"क्षमा करा, साहेब," चिंगूशेट म्हणाला. "याच पात्याने विटा भराभर कापल्या होत्या."

"वीट ठिसूळ असते रे बाबा. तिचा भुगा वाळूसारखा खरबरीत. तो धातूला सारखा खरवडतो. तिथं धातू कडकच हवा, नाहीतर चांगले हिरेसुद्धा गळून जातील. हा काळा दगड मात्र घट्ट आणि कठीण. तो हिऱ्यांना बोथट करतो, पण त्याचा भुगा पिठासारखा. तो धातूला फारसा खरवडत नाही. म्हणून इथं धातू मऊ हवा, बोथट हिऱ्याला वेळेवर सोडणारा."

"म्हणजे मऊ विटेला कडक धातू," शाल्मली सावकाश म्हणाली, "आणि कडक दगडाला मऊ धातू? उलटंच की हो!"

"ऐकायला उलटं. करायला सरळ. चिंगूशेट, मऊ बंधकाचं पातं आहे का आपल्याकडे?"

चिंगूशेटने फळीच्या तळातून एक पाते काढले. ते छातीशी धरून तो तसाच उभा राहिला. "एकच आहे. हे लवकर झिजेल, साहेब. पुढचे यान येईपर्यंत दुसरे मिळणार नाही."

"झिजू दे. त्यासाठीच केलंय ते."

"संपेलसुद्धा."

हणमंतकाका भिंतीचा आधार घेत उठले. "दे इकडे, शेटजी. जपून ठेवलंस, फार झालं. आता वापरू."

नवे पाते चढले, पाणी सुरू झाले. या वेळी किंचाळी नव्हती, नुसती एकसुरी घरघर होती. जोर न लावता पाते दगडात शिरत गेले आणि एका लादीच्या दोन लाद्या अलगद सुट्या झाल्या. हणमंतकाकांनी एक उचलून उजेडात धरली. तिच्यावर कुठे तडा नव्हता.

मग कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. लाद्या चिरल्या जात होत्या, बाहेर बसवल्या जात होत्या आणि पात्याची कड लहान होत चालली होती. फुटलेल्या लादीचे तुकडेसुद्धा चिरून कडेला बसवले. सगळ्यात शेवटची लादी सुटी झाली तेव्हा पात्यावर हिऱ्यांची जेमतेम एक रेघ उरली होती. चिंगूशेटने ते पाते दोन्ही हातांत घेतले आणि बराच वेळ पाहिले.

"आजपासून नोंद बदलतो," तो म्हणाला. "पाते किती उरले, हे नाही. त्याने किती कापले, ते."

आई आली तेव्हा सूर्याची नुसती कोर क्षितिजावर होती. काळ्या लाद्यांवरून ती सावकाश चालत आली. दाराशी पोशाख झटकला तेव्हा त्यातून जवळजवळ काहीच पडले नाही. आत येऊन ती पिंपावर बसली आणि शाल्मलीला मांडीवर ओढून नुसती बसून राहिली.

थोड्या वेळाने शाल्मलीने आजोबांपुढे हात पसरला. "मघाची चिक्की द्या ना."

"अगं, दात?" आई म्हणाली.

शाल्मलीने कडकन चावा घेतला. मग चिक्की तोंडातून काढून पाहिली. दोन शेंगदाण्यांच्या मधोमध तिचा दात रुतून बसला होता.

चिंगूशेट खाली वाकला. "जुना भाग सुटला. खाली नवीन आहे का?"

आईने दिवा जवळ घेतला आणि शाल्मलीची हनुवटी वर उचलली.

"आहे," ती म्हणाली. "टोक दिसतंय."