हिरव्या गुरुवारचा शेपू

त्या दिवशी टिलने शेपू मागितला, आणि गुन्टर यॉकेलच्या गाळ्यापुढची चार-पाच माणसं एकदम गप्प झाली.

म्हटलं तर साधी गोष्ट. भाजीच्या गाळ्यावर माणूस भाजीच मागणार. पण हा गाळा फ्रँकफुर्टच्या जुन्या मंडईतला, आणि टिलला शेपू हवा होता तो हिरव्या सॉसच्या पुड्यात! त्या पुड्यात पार्सली असते, आंबट चुका असतो, आणखीही असतात, पण पाले एकूण सात. यॉकेलांच्या तीन पिढ्यांनी ते ओबरराडच्या मळ्यात लावले, खुडले, पांढऱ्या कागदात गुंडाळून विकले. आठवा पाला घालण्याचं पाप कुणी केलं नव्हतं.

"शेपू?" गुन्टरनी सुरी खाली ठेवली. "कुठले म्हणायचे आपण?"

"कासेलचा."

"तरीच! तिथले लोक सॉसमध्ये शेपू घालतात म्हणे!"

रांगेतल्या म्हाताऱ्या फ्राउ डिप्पेलनी टिलकडे कनवाळूपणे पाहिलं. "असू दे हो, गुन्टर. घरी शिकवलं नसेल तर पोराचा काय दोष?"

गुन्टरची मुलगी हेनरिके, म्हणजे सगळ्यांची रिके, चटकन गाळ्याखाली वाकली. वर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही हसलात," टिल हळूच म्हणाला.

"छे… शिंक आली."

"शिंकताना खळी पडते तुम्हाला?"

तिने घाईघाईने पुडा त्याच्या हातात कोंबला. आणि घरी जाईपर्यंत तिला एकच विचार छळत राहिला. आपण जास्त तर नाही ना हसलो? की कमी हसलो?

रिकेचा स्वभावच तसा. दार लावलं का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येणाऱ्या मुलींपैकी ती एक. काळजी करायला तिला कारण लागत नसे; कारण मिळालं की मात्र ती मनापासून करी. आणि टिल हे फार मोठं कारण होतं. उंच, जरा वाकून चालणारा, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. दर शनिवारी तो यायचा आणि गुन्टर पाठमोरे आहेत हे बघून कुजबुजायचा, "आला का शेपू?"

"हळू बोल! पप्पांच्या हातात सुरी आहे."

"एका काडीसाठी मरायला तयार आहे मी."

"मर मग. पण रांग सोडून मर, मागे लोक खोळंबलेत."

थंडी पडली, पाले संपले, गाळ्यावर कोबी आणि बटाटे आले. टिल कोबी घ्यायला लागला. कोबी त्याला आवडत नाही, हे त्याने फेब्रुवारीत कबूल केलं, तेव्हा रिकेला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने दोघांना सुटे पैसे चुकीचे दिले.

पण आनंदाच्या मागोमाग काळजी आलीच. टिल एका बँकेत संगणकाच्या कामाला होता, आणि तेही सहा महिन्यांपुरता. या शहरात अशी माणसं बॅगा ओढत येतात, काचेच्या मनोऱ्यांत दिवस काढतात आणि बॅगा ओढत जातात. मंडईतून विमानतळ पाव तासावर. अशा माणसांत जीव गुंतवू नये, हे इथल्या मुलींना न शिकवता कळतं. रिकेलाही कळत होतं. कळून उपयोग मात्र झाला नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी दोघं माइन नदीच्या काठावर बसली होती. टिल सफरचंदाची आंबट वाइन पीत होता. प्रत्येक घोटाला त्याचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा व्हायचा, आणि तरी तो पीत होता.

"मला स्टॉकहोमला बोलावलंय," तो म्हणाला. "ईस्टर झाल्यावर लगेच."

रिके वळून त्याच्याकडे बघू लागली.

"इथेही एक जागा देतायत. राहीन मी… पण बँकेसाठी नाही राहणार. कुणासाठी, ते कळतंय ना?" त्याने चष्मा वर ढकलला. "तू म्हण, रिके. तू म्हणशील ते करेन."

आता बोल! सगळं ओठांवर आलं होतं. रिकेने तोंड उघडलं आणि म्हणाली,

"पाऊस येईल असं वाटतंय."

टिलने वर पाहिलं. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

तो हसला नाही. रागावलाही नाही. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "तोंडाने नसेल सांगता येत तर नको सांगूस. हिरव्या गुरुवारी माझं विमान आहे. जाताना गाळ्यावरून पुडा घेऊन जाईन. त्यात शेपूची एक काडी असली तर मी विमानात बसणार नाही. नसली तर… पुन्हा विचारणार नाही. फोनही बंद ठेवेन, नाहीतर दर मिनिटाला बघत बसेन वेड्यासारखा. चालेल?"

रिकेने मान हलवली. मान तेवढी हलवता येत होती.

ईस्टरच्या आधीचा हिरवा गुरुवार म्हणजे यॉकेलांची दिवाळीच म्हणा. त्या दिवशी हिरवा सॉस खाल्ला नाही असं फ्रँकफुर्टमध्ये घर नाही. मंडई उघडायच्या आधीच बाहेर रांग लागते.

त्या सकाळी पप्पा गाडीतून टोपल्या उतरवत होते, तेव्हा रिके समोरच्या मासेवाल्याकडे गेली. स्टाव्रोस माशांवर शेपू पसरत होता.

"मला थोडा शेपू दे."

"तुला?" स्टाव्रोसने डोळे मोठे केले. "यॉकेलांच्या लेकीला? पप्पांना झटका आणायचाय का सणासुदीला?" मग त्याने तिचा चेहरा नीट पाहिला आणि अख्खी जुडी पुढे केली. "घे बाई, घे. तो चष्मेवाला चांगला आहे. मासे मात्र एकदाही घेतले नाहीत."

तिने एक कोवळी काडी सात पाल्यांच्या मधोमध ठेवली, पुडा बांधला, कोपऱ्यावर पेन्सिलीने छोटा 'ट' काढला आणि राखून ठेवलेल्या पुड्यांत ठेवून दिला. उरलेली जुडी स्टाव्रोसच्या गाळ्यावर परत केली. झालं होतं! तोंड उघडावं न लागता झालं होतं.

टिल आला तेव्हा गाळ्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातात बॅग, चष्मा धुक्याने भरलेला.

"माझा पुडा…"

तिने तो दिला. बोटं बोटांना लागली, आणि नको तितका वेळ लागून राहिली.

"इथे नाही उघडत," तो अगदी हळू म्हणाला. "तुझ्या पप्पांसमोर नको. विमानतळावर उघडेन."

"हो… बरं." तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण फ्राउ डिप्पेल मध्ये घुसल्या, "रिके, मागच्या वर्षी चुका कमी होता हो माझ्या पुड्यात!" आणि बघेपर्यंत टिल गर्दीत दिसेनासा झाला.

रिके पुडे बांधत राहिली. आता तो स्टेशनात असेल. आता गाडीत. आता उघडेल… गालांतून वाफा निघत होत्या. जरा वेळाने गर्दी ओसरली तसे गुन्टर कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले,

"कलियुग आहे, फ्राउ डिप्पेल. आज राखीव पुडे तपासत होतो, तर एकात काय सापडावं? शेपू!"

"आई गं!"

"बरं झालं बघितलं. तीन पिढ्यांचं नाव मातीत गेलं असतं. त्या मासेवाल्याकडून उडून आला असणार. काढून फेकला, नि पुडा पुन्हा नीट बांधून ठेवला."

रिके पुडा बांधता बांधता थांबली.

"पप्पा… कुठला पुडा?"

"कोपऱ्यावर काहीतरी लिहिलेला. का?"

ती गाळ्याबाहेर पडली आणि पळत सुटली. मागून पप्पांचा आवाज आला, "रिके! अगं, आज? हिरव्या गुरुवारी?" उभ्या जन्मात तिने हिरव्या गुरुवारी गाळा सोडला नव्हता. स्टाव्रोस काहीतरी हिरवं हलवत ओरडत होता. तिला ते ऐकू आलं नाही.

गाडी मिळाली. बसायला जागाही होती, पण बसवेना. टिलला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. बंदच राहणार होता. तसं त्याने आधीच सांगितलं होतं. त्याने पुडा उघडला असेल. सात पाले. फक्त सात. 'पुन्हा विचारणार नाही.' नदी मागे पडली आणि नीडरराड स्टेशनच्या पुढे गाडी रुळांवरच थांबली. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. समोरच्या बाई केक खात होत्या. जगात कुणी आत्ता केक कसा खाऊ शकतं? रिकेने दाराला कपाळ टेकलं आणि स्वतःला शिव्या दिल्या. सगळी चूक पप्पांची नव्हती. नदीकाठी दोन शब्द बोलली असती, तर आज काडीकाडीला जीव टांगायची वेळ आली नसती.

गाडी हलली. विमानतळावर सुट्टीला निघालेलं अर्धं शहर लोटलं होतं. हिरवा एप्रन, मातीचे बूट, अशी ती बॅगांच्या गर्दीतून वाट काढत सुटली. फलकावर स्टॉकहोमपुढे दिवा लुकलुकत होता. विमानात बसायला सुरुवात झाली होती. सुरक्षेच्या दारापाशी ती पोचली. दारापलीकडे ओळीने पाठी दिसत होत्या. निळे कोट, राखाडी कोट. त्याचा कुठला?

"तिकीट?" दारावरची बाई म्हणाली.

"नाही, पण… माझा माणूस आत गेलाय…"

"तिकिटाशिवाय नाही सोडता येत."

संपलं. रिके बाजूला झाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला एप्रनखेरीज काही नव्हतं. एप्रनला चुक्याचा वास येत होता.

"पाऊस आला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली.

खांबाआडच्या बाकावर टिल बसला होता. मांडीवर पांढरा कागद उलगडलेला, त्यावर सात छोटे ढीग लावलेले. विमान सुटायला आलं होतं, आणि हा भाजी निवडत बसला होता.

"तू… गेला नाहीस?"

"जाता येईना." त्याने कागद उचलून नाकाशी धरला. "शेपू नाहीये, रिके. तीनदा शोधला. पण वास आहे. आजीच्या मांडीवर शेपूच्या वासातच वाढलोय मी, मला कळतो. म्हणजे घातला होतास… आणि मग काढून घेतलास. का काढलास? नसताच, तर गेलो असतो. असता, तर नाचत परत आलो असतो. हे काय करायचं माणसाने?"

"मी नाही काढला! पप्पांनी… त्यांना वाटलं, उडून आला…"

टिल हसायला लागला, पण अर्ध्यावर थांबला. त्याने कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. हा माणूसही घाबरलाय, हे रिकेला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

तिने एप्रनच्या खिशात हात घातला. एखादी तरी काडी. खिशात सुतळी होती. शेपू स्टाव्रोसच्या गाळ्यावर राहिला होता, पाव तास दूर.

"स्टॉकहोमच्या प्रवाशांना शेवटची सूचना…" वरून आवाज आला.

टिलने बॅगेला हात लावला नाही. तो फक्त तिच्याकडे बघत होता.

"तू राहा," ती म्हणाली. आवाज फुटला, तरी थांबली नाही. "मला शेपूबिपू काही माहीत नाही. मला तू आवडतोस, टिल. इतका की… भीती वाटते. रोज वाटते. तू गेलास तर काय, आणि राहिलास तर काय, दोन्हींची वाटते. तरी राहा. माझ्यासाठी राहा."

सात ढीग खाली सांडले. ते गोळा करायला दोघांपैकी कुणालाच वेळ नव्हता.

जरा वेळाने टिलने फोन चालू केला आणि बँकेतल्या साहेबांना एवढंच सांगितलं, "हो. इथेच." त्याचा फोन संपतो न संपतो तोच रिकेचा वाजला.

"कुठे आहेस?" पप्पा. मागे मंडईचा गलका.

"विमानतळावर."

"स्टाव्रोसने सांगितलं. अख्ख्या मंडईला ठाऊक होतं म्हणे, मी सोडून!" मग आवाज उतरला. "गेला का तो?"

"नाही, पप्पा."

"हं. मला सांगायचंस की. मी काय खातो का माणसांना?"

"पण शेपू…"

"शेपू वेगळा, माणूस वेगळा. रविवारी जेवायला आण त्याला. सॉसमध्ये सातच पडतील, हे सांगून ठेव."

रविवारी ओबरराडच्या घरात उकडलेले बटाटे होते, अंडी होती आणि पातेलंभर हिरवा सॉस. टिल अंग चोरून बसला होता. रिकेला नेहमीप्रमाणे सगळ्याचीच काळजी वाटत होती. मीठ, खुर्ची, पप्पांचा चेहरा. तेवढ्यात गुन्टर स्वयंपाकघरातून एक बशी घेऊन आले आणि टिलपुढे ठेवली. सॉसपासून चांगली हातभर लांब. बशीत शेपूची एक काडी होती.

"स्टाव्रोसने दिली," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "टाकवेना."

रिकेने हात लांब करून ती काडी उचलली, मधोमध तोडली, अर्धी त्याच्या बटाट्यावर ठेवली, अर्धी आपल्या, आणि सॉसबरोबर खाऊन टाकली.

गुन्टर बघत राहिले.

"वाईट नाही लागत, पप्पा," ती म्हणाली.

"देवा रे," गुन्टर खुर्चीत बसत म्हणाले, आणि त्यांनी डावभर सॉस टिलच्या ताटात घातला. "एका घरात दोन कासेलवाले!"