शीर्षकातली लांब रेघ

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात यल्लाप्पा मशीनमध्ये चिरडून मेला. त्याच्या जोडीदाराने थांबवण्याची आज्ञा माहितीपुस्तिकेच्या फाइलमधून कॉपी करून पुन्हा पुन्हा दिली. मशीनने ती मानलीच नाही.

पुस्तिका लिहिणारी महानंदा खाजगी गुप्तहेर भाग्यलक्ष्मीसमोर बसली होती. "अक्का, उद्या पोलीस मला नेणार. आज्ञेत दोन छोट्या रेघांऐवजी एक लांब रेघ आली. मी दोनच दिल्या होत्या हो! पण फाइल माझ्याच कॉम्प्युटरवरून बदललीय."

"उठताना बंद करत नाहीस?"

"जेवायला जाताना आमच्यात कुणीच करत नाही."

भाग्यलक्ष्मीचा मदतनीस कृष्णात कुजबुजला, "पोरीचीच चूक दिसतेय."

"सरी, ठीक आहे, मग तू घरी जा," म्हणत ती निघालीसुद्धा. कृष्णात निमूट मागे गेला.

पानं जुळवणारा प्राणेश पार घाबरला होता. "मी प्रत्येक आज्ञा कवचात, म्हणजे फाइलमधल्या खास खुणांच्या आत, ठेवली होती, अक्का. कवचातलं अक्षर आमची छपाईची प्रणाली जसंच्या तसं छापते, टाइपरायटरसारखं बारीक. ती पानं फक्त महानंदाला दाखवली. तिने तपासली."

व्यवस्थापक गिरीराजने बसायलाही सांगितलं नाही. "मी छापून आलेली पुस्तिका तेवढी पाहिली, फाइल कधी उघडली नाही. त्या पोरीला कामाची अक्कलच नाही. शीर्षकं बघा, टाइपरायटरसारखी किडकिडीत! ग्राहकापुढे न्यायची लाज वाटते."

भाग्यलक्ष्मीने छापील पुस्तिका उघडली. शीर्षकं काळीभोर, ठळक होती. थांबवण्याच्या आज्ञेच्या शीर्षकात एक लांब रेघ होती. खालच्या ओळीत तीच आज्ञा बारीक अक्षरात, दोन रेघांची.

तिने महानंदा आणि प्राणेशला आत बोलावलं.

"छापील शीर्षकं ठळक आहेत, गिरीराज. किडकिडीत होती ती प्राणेशच्या पानांत. ती तुम्ही कुठे पाहिलीत?"

गिरीराजने पुस्तिका ओढून घेऊन शीर्षकं पाहिली.

"पण रेघ कशी बदलली?" कृष्णातने विचारलं.

"ठळक करायला यांनी शीर्षकांची कवचं काढली. कवच गेलं की प्रणाली शेजारच्या दोन रेघा जोडून एक करते. महानंदा चुकली असती तर खालच्या ओळीतही चूक असती. ती जेवायला गेल्यावर, गिरीराज, तिच्या कॉम्प्युटरवर तुम्ही बसलात."

"मला शीर्षकं नीट दिसायला हवी होती," गिरीराज पुटपुटला. "माणूस मरेल हे मला काय ठाऊक!"

"ते नसेल. पण मेल्यावर पोरीला पुढे केलंत, ते सगळं ठाऊक असून." भाग्यलक्ष्मीचा आवाज संतापाने कापत होता. तिने पोलिसांना फोन लावला.

महानंदा सुटली होती, तरी रडत होती. तिने पुस्तिकेवर बोट ठेवलं.

"अक्का, जोडीदाराने शीर्षकाऐवजी ही खालची ओळ कॉपी केली असती तर?"

"तर यल्लाप्पा जगला असता," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "त्याच्या जोडीदाराला हे कधी सांगू नकोस."