दोन चौकटींचं मधयंत्र

यंत्र ठरल्या दिवशी दिलं असतं, तर पत्रेवाल्याच्या पदरात काय पडणार होतं? एक थँक्यू, आणि दारातून बाहेर जाणारी पाठ. उशीर केला, तर दर दोन दिवसांनी तीच बाई समोर बसून अर्धा तास भांडणार... डोळे मोठे करून, हात नाचवत. उशीरच फायद्याचा, हे त्यानं पाच मिनिटांत ठरवलं.

ती दातांची डॉक्टर. वाट चुकून दुकानात शिरलेली. दवाखान्याच्या गच्चीवर तिनं चार मधपेट्या ठेवल्या होत्या, हंगाम पहिलाच होता, आणि मध काढायचं बेताचं यंत्र कुठे मिळत नव्हतं.

"सगळी आठ चौकटींची, मोटारवाली," ती वैतागून म्हणाली. "माझ्या चार पेट्यांना ते यंत्र म्हणजे चहा ढवळायला वल्हं!"

"मी करून देतो की," पत्रेवाला म्हणाला. असलं यंत्र त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. दुकान आत्याचं, भाचाही आत्याचाच. त्याच्या डोक्यात काय शिजतंय याचा वास तिला लगेच आला.

डॉक्टरनं समजावलं: पिंपात पिंजरा, पिंजऱ्यात समोरासमोर पोळ्याच्या दोन चौकटी. हँडल गरागरा फिरवलं की मध उडून पिंपाला लागतो आणि निथळत तळाच्या तोटीतून येतो. पोळं मोडत नाही. माश्या तेच पुन्हा भरतात.

"दोन आठवडे," तो म्हणाला.

मग मापं सुरू झाली. आधी चौकटीचं. मग भरलेल्या चौकटीचं वजन. एकदा तर तो टेप घेऊन तिच्यासमोरच उभा राहिला.

"हे कशाला?"

"हँडल कोपराच्या उंचीला हवं. नाहीतर खांदा धरतो... हात जरा सरळ."

तिनं हात सरळ केला. लवंगेच्या तेलाचा मंद वास आला. पत्रेवाला आकडा विसरला. पुन्हा मोजावं लागलं.

"यंत्र करताय की मला झबलं शिवताय?" तिनं विचारलं. पण हात खाली घेतला नाही.

दोनाचे पाच आठवडे झाले. एका सकाळी ती आली, गोणपाट टाकलेल्या नेहमीच्या बैठकीवर बसली, आणि भांडलीच नाही. पोळ्याचा एक तुकडा तिनं त्याच्यापुढे ठेवला. मध रवाळ झाला होता.

"थंडी पडली," ती हळूच म्हणाली. "मध पोळ्यातच गोठायला लागलाय. एकदा गोठला की तुमचं यंत्र फिरलं काय नि नाही काय. वर्षभर राबले हो मी... राहू द्या आता."

पत्रेवाल्याचं तोंड उतरलं. हिच्या कष्टांवर आपण भांडणं विकत घेत होतो, हे त्याला आत्ता कळत होतं. तो काही बोलणार, तोवर आत्याच उठली.

"पोरी, जरा उभी राहा." तिनं गोणपाट ओढलं. खाली लख्ख स्टीलचं पिंप, तळाला तोटी. "तीन आठवडे झाले तयार होऊन. तू नसतेस तेव्हा मी याच्यावर बसून वाटाणे सोलते."

"म्हणजे... मी यंत्रावर बसून यंत्रासाठी भांडत होते?"

"छान भांडत होतीस," आत्या म्हणाली.

डॉक्टरनं पत्रेवाल्याकडे असं पाहिलं, की त्याची अक्कलदाढ आपोआप ठणकली.

"उचला. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत पहिली जोडी लागली. एक चौकट जड, एक हलकी. हँडल फिरताच पिंप थडथडत खोलीभर चालू लागलं.

"धरा!"

"धरलंय!"

"मिठी काय मारताय? धरा म्हटलं!"

"असंच धरावं लागतं, डॉक्टर!"

तोटीतून सोनेरी धार सुटली. संध्याकाळपर्यंत दहापैकी सात चौकटी रिकाम्या झाल्या. तीन दगड झाल्या होत्या.

"सरळ सांगता येत नव्हतं?" तिनं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायची भीती वाटते," तो म्हणाला. "यंत्र दिलं असतं, तर तुम्ही... आला नसतात."

तिनं चिकट हात पुसले.

"त्या तीन चौकटी माश्यांना परत द्यायच्या. थंडीत तोच मध खातील. आणि पेट्यांत त्या तुम्ही ठेवायच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गच्चीवर चढला. तोंडावर घालायची जाळी एकच होती. "तुम्ही घाला," तो ऐटीत म्हणाला. तिसरी चौकट बसेपर्यंत त्याच्या नाकाचा बटाटा झाला होता आणि ओठ उंबऱ्याएवढा.

तिनं त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. डंखाचा एकेक काटा नखानं खरवडून काढला.

"बोलू नका. पुढच्या हंगामात दोन पेट्या वाढवणार आहे. पिंप धरायला माणूस लागेल... कायमचा. कोण येणार?"

पत्रेवाल्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"वेडा!" ती म्हणाली, आणि तो हात खाली घेऊन तिनं आपल्याच हातात ठेवला. "पाच काटे निघाले. डंख मारला की माशी मरते, माहीत आहे?"

सात चौकटींचा मध बाटल्यांत गेला, तीन चौकटी पेट्यांत परतल्या. डॉक्टरला माणूस मिळाला, आत्याला भाचेसून. खर्ची पडल्या त्या पाच माश्या, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.